तिसऱ्यांदा 'नको' म्हणताना





येत्या २७ ऑगस्टला संत मोनिका आणि २८ ऑगस्टला संत ऑगस्टीन यांचे सण आहेत. या दोन सणांच्या निमित्ताने आम्ही दरवर्षी धर्मग्रामातील मातांसाठी चार शब्द लिहितो. मोनिकेचे अश्रू, तिची चिकाटी, वाया गेलेल्या मुलासाठी तिने वर्षानुवर्षे केलेली प्रार्थना, हा आमचा ठरलेला विषय. यंदाही तोच लेख लिहायला घेतला होता. पहिले पान झालेही होते. पण मध्ये एक रविवार आला आणि ते पान आम्ही बाजूला ठेवले.

त्या रविवारी सातवीच्या धर्मशिक्षण वर्गाच्या शिक्षिका आजारी होत्या, म्हणून मिस्सानंतर तो वर्ग आम्हीच घेतला. पाठ होता दानियेलच्या ग्रंथाचा पहिला अध्याय. नबुखद्नेस्सर राजा यहुदी मुलांना बाबेलला घेऊन जातो, त्यांना दरबारी शिक्षण देतो आणि स्वतःच्या पंक्तीचे अन्न व द्राक्षारस रोज त्यांच्यासाठी लावून देतो. दानियेल मात्र ते घेत नाही. गोष्ट सांगून झाल्यावर आम्ही वर्गाला विचारले, "दानियेलसारखं 'नको' कोण म्हणू शकेल?" सगळे हात वर गेले. मागच्या बाकावरच्या एका मुलाचा हात तेवढा खाली राहिला.

"काय रे, तुला नाही जमणार?" आम्ही सहज विचारले.

"फादर, मे महिन्यात आमच्याकडे पार्टी होती तेव्हा तुम्ही पण नको म्हणालात. दोनदा. मग घेतलात."

दोघेतिघे हसले. मग वर्ग गप्प झाला.

(पुढचे लिहिण्यापूर्वी आम्ही त्या मुलाची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी घेतली आहे. तो कोण, हे शोधण्याच्या भानगडीत कृपया कोणी पडू नये. काही तपशील आम्ही मुद्दाम बदललेले आहेत.)

प्रसंग आम्हाला लख्ख आठवत होता. घरातल्या धाकट्या मुलीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद होता. संध्याकाळी अंगणात मांडव, दिव्यांच्या माळा, गाणी. आम्ही आशीर्वाद दिला, केक कापला गेला आणि यजमान ग्लास घेऊन आले. आम्ही नको म्हणालो. ते म्हणाले, "फादर, आनंदाचा दिवस आहे." आम्ही पुन्हा नको म्हणालो. ते म्हणाले, "आमचा मान तरी ठेवा." तेव्हा आम्ही ग्लास हातात घेतला आणि हातात घेतल्यावर अर्धा प्यालोसुद्धा. बर्फाचे भांडे घेऊन शेजारी हा मुलगा उभा होता. तो आमच्या लक्षातही नव्हता.

त्याला उत्तर देणे आम्हाला अवघड नव्हते. प्रौढ माणसाने मर्यादेत घेतलेला अर्धा ग्लास हे पाप नव्हे. पाहुण्याने यजमानाचे मन राखावे, ही आपली रीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु मुलाने पाप आहे की नाही, हे विचारलेच नव्हते. त्याचा प्रश्न साधा होता: फादरना जमले नाही, तर मला कसे जमावे?

वर्ग सुटल्यावर तो मागे थांबला. बाकीचे तेव्हा कळले. त्याच रात्री मांडवाच्या मागे मोठ्या चुलतभावांनी त्याच्यापुढे बिअरचा ग्लास धरला. तो नको म्हणाला. "अरे, फादरनीपण घेतली, तुला काय होतंय?" तो पुन्हा नको म्हणाला. "मीपण दोनदा म्हणालो, फादर," एवढे बोलून तो खाली पाहू लागला. पुढे त्याने काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

गेले काही दिवस आम्ही स्वतःलाच विचारत आहोत: आपण तो ग्लास का घेतला? तहान नव्हती, आवडही नव्हती. नकार दिला तर यजमान दुखावतील, 'हे फादर जरा शिष्टच' असे कोणी म्हणेल, आपण या मांडवात परके ठरू, अशी एक बारीकशी भीती होती. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलवर एक प्रश्न हमखास यायचा: योग्य काय ते कळत असूनही माणूस त्याच्या उलट का वागतो? त्या प्रश्नाला आम्हाला चांगले गुण मिळत असत.

वयाची चाळिशी ओलांडलेल्या, अंगात झगा असलेल्या, ज्याच्यापुढे लोक उठून उभे राहतात अशा माणसाची ही गत असेल, तर बारा-तेरा वर्षांच्या पोराचे काय होत असेल? त्या वयात मुलाला दारूची ओढ नसते. बिअरची चव त्याला कडूच लागते. त्याला ओढ असते ती मोठ्या मुलांच्या कोंडाळ्यात आपल्यालाही जागा असावी याची. ग्लास हा त्या कोंडाळ्याचा दरवाजा असतो. आपण मुलांना दारूचे दुष्परिणाम सांगतो, तक्ते लावतो, खराब झालेल्या यकृताचे चित्र दाखवतो. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात. मांडवामागे त्यांना यकृत आठवत नाही. तिथे प्रश्न असतो, 'हे मला हसतील का?'

संत ऑगस्टीन यांनी हे स्वतःबद्दल लिहून ठेवले आहे. सोळाव्या वर्षी त्यांनी मित्रांच्या टोळक्याबरोबर मध्यरात्री शेजारच्या बागेतील नाशपातीचे झाड झोडपले. फळे गोड नव्हती, भूकही नव्हती. बहुतेक डुकरांपुढे टाकली. सुमारे इ. स. ३९७ नंतर लिहिलेल्या आपल्या 'कबुलीजबाबा'त बिशप झालेले ऑगस्टीन या क्षुल्लक चोरीवर पानेच्या पाने खर्च करतात. कारण शोधता शोधता ते अशा निष्कर्षाला येतात की, एकटा असतो तर मी हे केले नसते. सोबत्यांमध्ये निर्लज्ज न होण्याचीच लाज वाटत होती.

त्याच ग्रंथाच्या नवव्या भागात त्यांनी आपल्या आईची एक गोष्ट सांगितली आहे. ती आपण प्रवचनांतून फारशी सांगत नाही. आम्हीही इतक्या वर्षांत कधी सांगितली नाही. संताच्या चरित्रात ती शोभत नाही असे वाटत असावे.

मोनिका लहान होती. उत्तर आफ्रिकेतले तागास्ते गाव, आजच्या अल्जेरियातले. घर ख्रिस्ती, आईवडील भाविक. मुलींवर लक्ष ठेवायला एक वृद्ध दासी होती आणि ती इतकी कडक की, जेवणाच्या वेळा सोडून मुलींना पाणीसुद्धा पिऊ देत नसे. आज पाण्याचा हट्ट कराल, उद्या लग्न होऊन कोठाराच्या किल्ल्या हाती आल्या की हीच सवय द्राक्षारसाकडे नेईल, असे तिचे म्हणणे. मुलगी समजूतदार म्हणून आईवडील तिलाच पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवत. भांडे भरून घेताना ती नुसते ओठ ओले करी. चवीची आवड म्हणून नव्हे. ऑगस्टीन म्हणतात, बालवयातला खोडकरपणा म्हणून. मग रोज थोडे थोडे वाढत गेले. काही काळाने ती जवळजवळ भरलेला पेला रिता करू लागली. आईवडिलांना पत्ता नाही, कडक दासीलाही पत्ता नाही. बरोबर जाणाऱ्या एका लहान मोलकरणीला तेवढे ठाऊक होते. एके दिवशी दोघींचे भांडण झाले आणि ती मोलकरीण रागाच्या भरात मोनिकेला दारुडी म्हणाली. तो शब्द तिला असा झोंबला की त्या क्षणापासून तिने ते सोडले.

ही गोष्ट पुन्हा एकदा वाचून पाहा. घर चांगले होते, नियम कडक होते, मुलगी गुणी होती. आणि ज्यांचा तिच्यावर विश्वास होता त्यांनीच तिला पिंपाकडे पाठवले होते.

आपण वेगळे काय करतो? पार्टी असली की "बाळा, जरा बर्फ आण," "नाक्यावरून सोडा घेऊन ये," "काकांना चखणा नेऊन दे." मुलगा धावत जातो, मोठ्यांच्या टेबलाशी काम मिळाले म्हणून खूश होतो. एखादा मामा त्याच्या ओठाला बिअरचा फेस लावतो आणि सगळे हसतात. मोबाईलवर फोटो निघतो. कोणी म्हणतो, "आता मोठा झाला." बारा वर्षांच्या मुलाला मोठेपणाची पदवी देण्याचा याहून स्वस्त मार्ग नसेल. आमच्या कार्यालयात व्यसनमुक्तीसाठी सल्ला मागायला येणाऱ्यांना आम्ही नेहमी विचारतो, "पहिला घोट कुठे घेतलात?" गुत्ता असे उत्तर क्वचितच येते. बहुतेकांचे उत्तर असते: घरच्या कार्यात, नातेवाइकाच्या हातून, प्रेमाने दिलेला.

जे देतात त्यांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. एक कायद्याची. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला मादक पेय देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'गंमत म्हणून दिली', 'घरचाच मुलगा आहे' अशी सूट त्या कलमात नाही. दुसरी गोष्ट शरीराची. बरेवाईट तोलणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्व होतो. दारू त्याच भागाला आधी झोपवते. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले की, पंधराव्या वर्षापूर्वी पिणे सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले. विसाव्या वर्षी किंवा नंतर सुरू केलेल्यांत हेच प्रमाण सुमारे १० टक्के होते. सगळा दोष लवकर सुरुवात करण्याचाच असे नाही, घरची परिस्थिती आणि आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असतो. पण फेस लावणाऱ्या मामाला तरी तो वाटा कुठे ठाऊक असतो?

इथे मुलांचा एक प्रश्न हमखास येतो आणि तो टाळून चालणार नाही. "फादर, येशूनेच तर काना गावी पाण्याचा द्राक्षारस केला. आणि तुम्ही वेदीवर रोज घेता." खरे आहे. द्राक्षारस ही देवाची देणगी आहे, असे पवित्र शास्त्र सांगते. तो माणसाचे मन प्रसन्न करतो असे स्तोत्रकारही म्हणतो. सिराखच्या ग्रंथात द्राक्षारसाची स्तुती आणि त्याच्या अतिरेकाची निंदा एकाच अध्यायात शेजारी शेजारी आहे. दारूचा थेंबही पाप आहे, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. ती संयम शिकवते, आणि नशेत गाडी चालवून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध आहे असे धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट सांगते. मुलांना धाक बसावा म्हणून आपण खोटे सांगू नये. तेराव्या वर्षी ऐकलेले खोटे अठराव्या वर्षी उघडे पडते आणि मग त्याबरोबर सांगितलेले खरेही ते टाकून देतात.

मग मुलाला संयम म्हणजे थोडीशी चालेल असे सांगायचे का? मुळीच नाही. ॲरिस्टॉटलने यासाठी पहिलवानाचे उदाहरण दिले आहे. दहा शेर अन्न जास्त होते आणि दोन शेर कमी पडते, म्हणून उस्ताद सगळ्यांना सहा शेर वाढत नाही. मायलो पहिलवानाला तेवढे पुरायचे नाही आणि आखाड्यात आजच आलेल्या पोराला ते पचायचे नाही. (शेर हे माप आमचे, त्याचे माप ग्रीक होते.) मध्यममार्ग ज्याचा त्याला मोजून द्यावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलासाठी दारूचे योग्य माप शून्य आहे. थॉमस अक्वायनस यांनीही मद्याच्या बाबतीतला संयम तरुणांना विशेष गरजेचा मानला आहे, कारण त्या वयात रक्त आधीच गरम असते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. कसे जमावे?

दानियेलचा तो अध्याय आम्ही त्या रात्री पुन्हा उघडला. सेमिनरीपासून तो आमच्या परिचयाचा, पण त्या रात्री तीन गोष्टी नव्याने दिसल्या. पहिली अशी की, दानियेलने निश्चय आधी केला, ताट समोर आल्यावर नव्हे. आम्ही त्या पार्टीला जाताना घेणार की नाही, हे ठरवून गेलो नव्हतो. 'बघू' म्हणून गेलो होतो. जो 'बघू' म्हणून जातो त्याच्यासाठी निर्णय दुसरे कोणीतरी घेतात.

दुसरी त्याच्या बोलण्याची रीत. तो ताट भिरकावत नाही, राजाला पापी म्हणत नाही, प्रवचन देत नाही. ज्या अधिकाऱ्याकडे त्याने विनंती केली तो राजाच्या रागाला भीत होता, म्हणजे दडपण त्याच्यावरही होते. दानियेल ते ओळखतो आणि देखरेख करणाऱ्याला एक तोडगा सुचवतो: दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी देऊन तर पाहा. समोरच्याची अब्रू राखून, हातात दुसरे काहीतरी धरून दिलेला हा नकार आहे. आपल्याकडे हे कोकम सरबताच्या ग्लासाने होऊ शकते. रिकाम्या हाताच्या मुलाला आग्रह होतो. ज्याच्या हातात ग्लास आहे त्याला सहसा कोणी विचारत नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत मोठी वाटली. दानियेल एकटा नव्हता. हनन्या, मिशाएल आणि अजऱ्या त्याच्यासोबत होते. विनंती करताना तो 'आम्हाला' असे म्हणतो.

सोबतीचे हे बळ मोजूनही पाहिले गेले आहे. १९५० च्या दशकात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या कॉलेजातील तरुणांवर एक प्रयोग केला. एक रेघ दाखवायची आणि बाजूच्या तीन रेघांपैकी तेवढ्याच लांबीची कोणती, ते विचारायचे. उत्तर लहान मुलालाही कळावे असे. पण खोलीतले बाकीचे सगळे ॲशचे हस्तक होते आणि ते ठरवून, एकसुराने चुकीचे उत्तर देत. खऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसते ते सोडून घोळक्याचे उत्तर दिले. मग ॲशने एक बदल केला. हस्तकांपैकी फक्त एकाला खरे उत्तर द्यायला सांगितले. घोळका तेवढाच, दडपण तेवढेच, फक्त एक सोबती. घोळक्यामागे जाऊन दिलेली चुकीची उत्तरे पूर्वीच्या सुमारे एक चतुर्थांशावर आली.

एक सोबती! मांडवामागे त्या मुलाबरोबर दुसरा एक मुलगा "मलापण नको" म्हणणारा असता तर! किंवा मांडवाच्या पुढे, दिव्यांच्या माळांखाली, तिसऱ्यांदाही "नको" म्हणणारा एक फादर असता तर. आम्हाला स्वतःला हा विचार सुखाने झोपू देत नाही.

'सगळेच घेतात' हे वाक्य मुलांच्या तोंडी फार असते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या देशात पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे १ टक्का मद्यपान करतात. म्हणजे न घेणारेच फार मोठ्या संख्येने आहेत. आपल्या लग्नाच्या मांडवात बसून हा आकडा कोणाला खरा वाटणार नाही, आणि हेच आपले दुखणे आहे. घेणारे आवाज करतात, न घेणारे जेवून गुपचूप घरी जातात. मुलांना आवाज तेवढा ऐकू येतो. न घेणाऱ्यांनी थोडा वेळ थांबावे, मुलांसोबत नाचावे, गाणी म्हणावीत, अशी आमची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट आपण मान्य करायला हवी. नुसते 'नाही म्हणा' असे बजावून काही होत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात ही घोषणा देशभर घुमली. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी शाळांतून वर्ग सुरू केले, ते पुढे हजारो शाळांत पोचले आणि नंतर तपासणी झाली तेव्हा त्यांचा फारसा परिणाम दिसला नाही. ज्या वर्गांत मुलांकडून प्रत्यक्ष सराव करून घेतला, प्रसंग उभे करून नकार तोंडाने म्हणवून घेतला, तिथे फळ अधिक दिसले. यात नवल ते काय? पोहणे फळ्यावर शिकवता येत नाही. आपल्या विहिरी-तलावांत पोहायला शिकलेल्या जुन्या मंडळींना हे सांगायला नको. सद्गुण सवयीने येतो, वाद्य वाजवून वादक होतो तसा, हेही ॲरिस्टॉटलचेच. आपण मुलांकडून प्रार्थना शंभर वेळा म्हणवून घेतो, पण "नको, मामा" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून एकदाही म्हणवून घेतलेले नसतात. उलट मोठ्यांना नाही म्हणायचे नसते, दिलेले परत करायचे नसते, हेच आपण त्यांना शिकवलेले असते. मग ऐन वेळी ते शब्द येणार कुठून?

म्हणून पालकांनी हे घरीच करून पाहावे. जेवणाच्या टेबलावर पप्पांनी आग्रह करणारा मामा व्हावे आणि खरोखरच नेटाने आग्रह करावा: मान, आनंदाचा दिवस, "मुलगी आहेस का?" असे हिणवणे, सगळे. (हे शेवटचे वाक्य मुलींपुढेही उच्चारले जाते, हे विसरू नये, आणि हल्ली ग्लास मुलींपुढेही येतो, हेही.) मुलाने आपले वाक्य आपण शोधावे. ते छोटे असावे, कारण लांब सांगितले की वाद सुरू होतो. एका मुलीने वर्गात सुचवलेले वाक्य आम्हाला फार आवडले: "मला नको, मी नाचायला चाललेय." त्यात प्रवचन नाही, कोणाचा अपमान नाही, आणि ती खरोखरच तिथून निघून जाते.

आणि मुलाशी एक करार करावा. कुठेही, कितीही वाजता अडचण वाटली, तर त्याने घरी फोन करावा, आपण न्यायला यावे आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारू नये. रागवायचे ते दुसऱ्या दिवशी. जो मुलगा घरच्यांच्या रागाला घोळक्यापेक्षा जास्त भितो तो फोन करत नाही. आमच्याकडे आलेल्या मुलानेही मे ते ऑगस्ट असे तीन महिने हे मनात ठेवले होते. मोनिकेला तरी भांडणारी मोलकरीण मिळाली.

त्याच्या आईवडिलांना आम्ही भेटलो तेव्हा वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, आग्रह मीच केला होता तुम्हाला." आम्ही म्हणालो, "आणि घेतला आम्ही." आई चहा घेऊन आल्या. पुढच्या वर्षी मोठ्या मुलाचा दृढीकरण संस्कार आहे. त्या दिवशीच्या पार्टीत काय ठेवायचे आणि काय नाही, यावर दोघांचे आमच्यासमोरच बोलणे सुरू झाले. ते अजून संपलेले नाही असे कळते.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सहावी, सातवी आणि आठवीच्या मुलामुलींचा वर्ग सभागृहात एकत्र होईल. पालकांनी, आणि जमल्यास मामा-काकांनीही, यावे. पाठ तोच आहे, दानियेल, पहिला अध्याय, पण पुस्तके आणण्याची गरज नाही. सरावाची सुरुवात आमच्यापासून होणार आहे. मागच्या बाकावरचा तो मुलगा यजमान होईल, असे त्याने कबूल केले आहे. ग्लासात कोकम सरबत असेल. आग्रह कसा करायचा हे त्याने चांगले पाहून ठेवले आहे, आणि आम्हाला सर्वांच्या देखत तीनदा नको म्हणायचे आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू